रिमोटच्या विमानाला रॉकेट मोटर बसवताना

इलेक्ट्रिक मोटरला थ्रॉटल असतो, रॉकेट मोटरला नसतो. ती एकदा पेटली की इंधन संपेपर्यंत रेटत राहते. कमी करता येत नाही, बंद करता येत नाही, "थांब जरा" म्हणता येत नाही. त्यामुळे या छंदातले बहुतेक निर्णय जमिनीवर, टेबलावर बसूनच घ्यावे लागतात. हवेत गेल्यावर तुमच्या हातात रिमोटच्या फक्त दोन काड्या उरतात आणि वेळ असतो काही सेकंदांचा.

11 जून 1928 रोजी जर्मनीत फ्रिट्झ श्टामर या वैमानिकाने 'एंटे' नावाचे ग्लायडर घन इंधनाच्या रॉकेटवर उडवले. माणूस घेऊन रॉकेटवर उडालेले ते पहिले विमान. त्याच्या दुसऱ्या उड्डाणात एक रॉकेट फुटले, विमानाला आग लागली आणि श्टामर कसाबसा खाली उतरला. आज कारखान्यात तयार होणाऱ्या मॉडेल रॉकेट मोटर त्या काळापेक्षा फार भरवशाच्या आहेत, पण तेव्हाची दोन्ही भये अजून तशीच आहेत: मोटर फुटणे आणि विमान पेटणे. खालची सगळी खबरदारी याच दोन भयांभोवती फिरते. त्यात तिसरे भय वेगाचे. त्याकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात.

हा लेख ज्यांना रिमोटचे विमान आधीच सफाईने उडवता येते त्यांच्यासाठी आहे. उडवायला शिकणे आणि रॉकेट बसवणे या दोन गोष्टी एकाच वेळी करू नका. आणखी एक, मोटर विकत घेण्याआधी तुमच्या भागातले स्फोटक पदार्थांचे आणि विमान उडवण्याचे नियम वाचा. काही ठिकाणी मोटर बाळगायलाच परवाना लागतो. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या संस्थेच्या सुरक्षा संहितेने अशा विमानांसाठी घातलेल्या अटी कुठेही धरून चालाव्यात अशा आहेत: मोटर जी वर्गापर्यंतचीच असावी, उड्डाणभर ती विमानालाच जोडलेली राहावी, आणि उडत्या विमानावरून मॉडेल रॉकेट सोडू नये.

मोटरवर काय लिहिलेले असते

मोटरच्या अंगावर डी12-5 असे काहीतरी छापलेले असते. अक्षर एकूण आवेग सांगते, म्हणजे रेटा गुणिले वेळ. सी वर्ग 5 ते 10 न्यूटन-सेकंद, डी 10 ते 20, ई 20 ते 40, एफ 40 ते 80, जी 80 ते 160. प्रत्येक अक्षराला वरची मर्यादा दुप्पट होते. मधला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये सांगतो. शेवटचा आकडा म्हणजे इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पुढच्या तोंडाचा छोटा बार उडेल ते.

हा शेवटचा आकडाच आपल्या कामात सगळ्यात महत्त्वाचा. रॉकेटमध्ये तो बार पॅराशूट बाहेर ढकलतो. विमानात पॅराशूट नसते, त्यामुळे तो बार थेट तुमच्या रिसीव्हरवर आणि बॅटरीवर उडतो. "मग शून्य लिहिलेली घेऊ" असे कुणाच्याही मनात येते आणि इथेच गफलत होते. शून्यवाली मोटर बहुटप्पी रॉकेटच्या खालच्या टप्प्यासाठी असते. तिच्यात विलंब नसतो हे खरे, पण पुढचे तोंड बंदही नसते. इंधन संपताना जळते कण पुढे उडून वरच्या टप्प्याची मोटर पेटावी, हेच तिचे काम. आपल्याला हवी ती पुढून बंद केलेली मोटर. तिच्यावर आकड्याच्या जागी पी असतो. एस्टेस या कंपनीची डी11-पी आणि एरोटेक या कंपनीच्या आरसी नावाच्या मोटर या प्रकारच्या, रिमोटच्या ग्लायडरसाठीच बनवलेल्या. साध्या मोटरचे तोंड स्वतः इपॉक्सीने बुजवणे, नोझल (झोत बाहेर पडायचे मागचे तोंड) कोरणे, विलंबाचे इंधन खरवडून काढणे यांतले काहीही करायचे नाही. आतल्या दाबाचा हिशेब कारखान्याने केलेला असतो. तो बिघडला की मोटरचा बाँब होतो. आणि फटाक्यातले रॉकेट विमानाला बांधण्याचा विचार आला असेल, तर तो इथेच सोडून द्या.

आधी हिशेब

समजा, विमान मोटरसकट 300 ग्रॅमचे आहे. डी वर्गातली 24 मिलिमीटरची ब्लॅक पावडर (काळ्या दारूची) मोटर सुमारे 17 न्यूटन-सेकंद आवेग देते आणि दीड-पावणेदोन सेकंदांत संपते. 17 भागिले 0.3 म्हणजे सेकंदाला 56 मीटर. सरळ वर जाताना त्यातले 16 मीटर गुरुत्वाकर्षण खाते. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर उरतात 40, म्हणजे ताशी जवळपास 145 किलोमीटर. हवेच्या विरोधामुळे प्रत्यक्षात वेग याहून कमी भरेल. पण जे फोमचे विमान एरवी ताशी 40 किलोमीटरने तरंगते, त्याच्यासाठी निम्मा वेगही भारी आहे. वेग दुप्पट झाला की पंखावरचा भार चौपट होतो. ढिल्या एलेव्हॉनला (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीला) फडफड सुटली की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पंख जागेवर नसतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: नवख्याने कमी रेट्याची, जास्त वेळ जळणारी मोटर घ्यावी. एरोटेकची ई6 आरसी प्रकारातली मोटर डी मोटरच्या दुपटीएवढा आवेग देते, पण तो सहा-सात सेकंदांत पसरून. रेटा बेताचा असला की हवेचा विरोध लवकर त्याच्या बरोबरीला येतो आणि वेग एका मर्यादेत राहतो. वर जाताना विमान दिसते, सावरता येते. अक्षर मोठे म्हणून मोटर जास्त धोक्याची, असे सरसकट नसते. मधला आकडा बघा. तो, म्हणजे सरासरी रेटा, विमानाच्या वजनाच्या दुपटीहून कमी नसावा, नाहीतर विमान रेल (ज्यावरून ते सुटते ती उभी दांडी) सोडताना लडखडते. पाचपटीच्या वर गेला तर तुम्ही वैमानिक उरत नाही, प्रेक्षक होता.

कोणते विमान

शेपटी नसलेला फोमचा डेल्टा किंवा उडता पंख. कारण साधे: मोटर मधोमध मागच्या कडेला बसते आणि तिच्या मागे जळण्यासारखे काहीच नसते. रेट्याची रेषाही आपसूक मधून जाते. नेहमीच्या आकाराच्या ग्लायडरमध्ये मोटर एकतर पाठीवर खांबावर बसवावी लागते किंवा पोटाखाली. दोन्हीकडे झोत शेपटीजवळून जातो आणि रेटा गुरुत्वमध्यापासून हटतो. एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या एस8ई या स्पर्धा वर्गात लांब पंखांची, शेपटीची रॉकेट ग्लायडरही उडतात. जास्तीत जास्त 300 ग्रॅम वजनात किमान 1100 मिलिमीटर पंखविस्तार बसवणारी ती नाजूक यंत्रे असतात. पण ते कसलेल्या हातांचे काम.

विमानाला एकच मोटर, तीही मधोमध, एवढेच ठेवा. दोन मोटर दोन पंखांवर बसवून एकच पेटली तर विमान जागच्या जागी गिरकी घेते. दोन्ही एकाच क्षणी पेटतील याची हमी कुणीच देत नाही.

बसवणी

ज्या विमानाला मोटर लावायची, ते आधी मोटरच्या वजनाची डमी लावून उडवून बघा. हातातून सोडून सरळ तरंगते, वळते, मागे खेचल्यावर एका पंखावर कोसळत नाही, हे दिसल्याशिवाय पुढे जायचे नाही.

मोटरसाठी तिच्याच मापाची पुठ्ठ्याची नळी वापरा. 18, 24, 29 मिलिमीटर ही ठरलेली मापे आहेत. नळीच्या पुढच्या टोकाला आत जाड कडी चिकटवा. मोटरचे डोके त्या कडीला टेकते आणि सगळा रेटा तिच्यातूनच विमानात उतरतो. डी वर्गाच्या ब्लॅक पावडर मोटरचा सुरुवातीचा झटका 30 न्यूटनच्या आसपास जातो, म्हणजे क्षणभर तीन किलोंचा धक्का. तो नुसत्या फोमवर सोडलात तर नळी फोम फाडून पुढे निघून जाईल. म्हणून नळीला दोन ठिकाणी 3 मिलिमीटर प्लायवूडच्या आडव्या चौकटी द्या आणि त्या चौकटी पंखातल्या कार्बनच्या दांडीला इपॉक्सीने बांधा. हॉट ग्लू इथे चालत नाही. मोटर जळून गेल्यावर तिची भिंत काही क्षण आणखी तापत राहते आणि हॉट ग्लू नेमका तेव्हाच सुटतो.

नळी आणि फोम यांच्यामध्ये थोडी हवेची फट ठेवा, चौकटीपुरताच आधार द्या. नोझलच्या आसपासच्या फोमवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा, कडा बोटाने नव्हे तर चमच्याच्या पाठीने घासून दाबा, कारण उचललेली कड झोतात सोलून निघते. नोझल फोमच्या कडेच्या निदान एक-दोन सेंटिमीटर बाहेर आलेले असावे. शेपटीचे विमान असेल तर झोताच्या वाटेत त्याच फोमचा टाकाऊ तुकडा त्याच अंतरावर लावून, उघड्या जमिनीवर पक्क्या स्टँडला मोटर जखडून एकदा पेटवून बघा. तुकडा काळा पडला तर ठीक, वितळला तर मोटरची जागा बदला.

मोटर पुढे सरकू नये म्हणून कडी, आणि मागे निसटू नये म्हणून पत्र्याचा हुक किंवा आट्यांचे झाकण. नुसती मास्किंग टेप गुंडाळून घट्ट बसवणे रॉकेटवाल्यांमध्ये चालते, पण इथे मला ते पसंत नाही. हवेत निसटलेली मोटर म्हणजे एका बाजूला अचानक हलके झालेले विमान आणि दुसऱ्या बाजूला वरून पडणारी तापलेली नळी.

आता रेट्याची रेषा. नळीत बरोबर बसेल अशी लांब सरळ काठी घाला, पुढच्या बाजूने बाहेर काढता येत नसेल तर मागे लांब राहू द्या, आणि विमान बाजूने डोळ्याच्या रेषेत धरून बघा. काठीची रेषा गुरुत्वमध्यातून जायला हवी. ती 2 सेंटिमीटर वरून गेली आणि रेटा 10 न्यूटन असला, तर गुरुत्वमध्याच्या 20 सेंटिमीटर पुढे कुणीतरी 100 ग्रॅमचे वजन अचानक टांगल्याइतके विमानाचे नाक खाली दबते. 300 ग्रॅमच्या विमानाला हे पेलत नाही. डेल्टामध्ये बहुधा फार फरक नसतो, पण बॅटरी वरच्या बाजूला आणि नळी खालच्या बाजूला असेल तर नक्की मोजा. वरून बघतानाही रेषा मधोमध हवी.

तोल दोनदा बघायचा

इंधन जळते म्हणजे वजन जाते, आणि ते मागच्या टोकाकडून जाते. 300 ग्रॅमच्या विमानात 21 ग्रॅम इंधन गुरुत्वमध्याच्या 20 सेंटिमीटर मागे असेल, तर ते जळून गेल्यावर गुरुत्वमध्य साधारण दीड सेंटिमीटर पुढे सरकतो. म्हणून तोल एकदा भरलेल्या मोटरने बघा आणि एकदा जळून रिकाम्या झालेल्या मोटरने. भरलेल्या मोटरचा तोल परवानगीच्या मागच्या मर्यादेच्या पुढेच पडला पाहिजे, मागे एक मिलिमीटरही नको. मागे जड विमान सगळ्यात जास्त रेट्याच्या क्षणी उलटे फिरते. मग रिकाम्या मोटरने नाक थोडे जड लागते, तर लागू द्या. त्यावर रिमोटमध्ये उपाय आहे. भरलेल्या मोटरचा तोल पुढे आणायला बॅटरी नाकात सरकवा. लिथियम बॅटरी मोटरपासून जितकी दूर तितके तसेही बरे.

रिमोटची मांडणी

एका स्विचवर दोन उड्डाण-अवस्था ठेवा. चढाईच्या अवस्थेत एलेव्हॉन जवळपास सपाट आणि हालचाल निम्म्यावर आणलेली. तरंगण्याच्या अवस्थेत एलेव्हॉन किंचित वर आणि हालचाल पूर्ण. रिकाम्या मोटरच्या डमीने हातातून सोडून तरंगण्याची अवस्था आधीच ठरवून ठेवा. चढाईत एलेव्हॉन वर राहिले तर वेग वाढेल तसे विमान पाठीवर वळून लूप घेते, आणि लूपचा खालचा भाग जमिनीच्या दिशेने असतो.

सर्वोच्या (एलेव्हॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) तारा आणि त्या जिथे जोडल्या जातात ती शिंगे हाताने हलवून बघा. टोकाला जराही ढिलेपणा जाणवला तर बदला. बिजागरीच्या फटीवर पातळ टेप लावली की फडफडीची शक्यता कमी होते. ही पाच मिनिटांची कामे आहेत आणि बहुतेक पंख यांच्याच अभावी जातात. सिग्नल तुटल्यास एलेव्हॉन जिथे जायला हवेत ती जागा रिसीव्हरमध्ये भरून ठेवा आणि रेंज तपासा.

मैदानावर

पहिले उड्डाण जमिनीवरून, रेलवरूनच. दीड ते दोन मीटरची रेल, खाली धातूचा पत्रा, जवळपास सुके गवत नाही, पाण्याची बादली हाताशी. जळती मोटर हातात धरून विमान सोडायचे नाही, कधीच नाही. रेल उभ्यापासून 30 अंशांपेक्षा जास्त कललेली नसावी. वारा ताशी 30 किलोमीटरच्या वर असेल तर रॉकेटवालेसुद्धा घरी जातात. अशा हलक्या फोमसाठी त्याच्या निम्मा वाराही मला जास्त वाटतो.

बटण दाबणारा आणि विमान उडवणारा वेगवेगळे असू द्या. क्रम असा: आधी ट्रान्समीटर चालू, मग विमानाची बॅटरी, मग एलेव्हॉन दोन्ही दिशांना हलवून बघणे. काडी मागे ओढल्यावर दोन्ही वर जातात ना, उजवीकडे नेल्यावर उजवा वर जातो ना, हे मोठ्याने बोलून बघा. उलटे लागलेले एलेव्हॉन रॉकेटवर सावरता येत नाहीत. मग चढाईच्या अवस्थेचा स्विच. सगळ्यात शेवटी इग्नायटर (मोटर पेटवणारी विजेची तार) जोडणे, आणि त्या वेळी लाँच कंट्रोलरची, म्हणजे पेटवण्याच्या बटणाच्या डब्याची, किल्ली बटणवाल्याच्या नव्हे, इग्नायटर जोडणाऱ्याच्या खिशात. मग सगळे मागे सरका: डी वर्गापर्यंत निदान साडेचार-पाच मीटर, त्याहून मोठ्याला 9 मीटर. पाचपासून उलटी मोजणी मोठ्याने करा.

बटण दाबूनही काही झाले नाही तर लगेच पुढे धावू नका. किल्ली काढा, पूर्ण एक मिनिट थांबा, मग इग्नायटरचे चिमटे सोडवा, आणि त्यानंतरच विमानाचे रेडिओ बंद करा. बहुतेक वेळा इग्नायटर इंधनाला टेकलेला नसतो, इतकेच.

पेटल्यावर पहिल्या सेकंदात काड्यांना हात लागू द्या, पण ढवळू नका. विमान एका बाजूला कलायला लागले तर छोटी दुरुस्ती करा आणि परिणामाची वाट बघा. पाठ तुमच्याकडे असली की दिशा चुकत नाही, म्हणून रेलवर विमान तसेच उभे करा. ज्वाला संपल्यावर विमान थोडा वेळ आपल्याच वेगाने चढत राहते. ते पूर्ण थांबण्याआधी नाक आडवे आणा आणि स्विच तरंगण्यावर टाका. चढाई बिनसलीच तर विमान वाचवण्याच्या फंदात न पडता ते माणसांपासून दूर, मोकळ्या जागेकडे वळवा. फोम परत विकत मिळतो.

उतरल्यावर नळीला लगेच हात लावू नका. फोम कुठे धुमसतो आहे का ते वास घेऊन बघा, काळी राख ओल्या फडक्याने पुसा. ब्लॅक पावडरची राख ओल धरते आणि धातूचा हुक गंजवते.

हवेत पेटवण्याबद्दल

उडत्या विमानात स्विचने मोटर पेटवणे बघायला फार छान दिसते आणि प्रत्येकाला तेच करायचे असते. आधी रेलवरून चढाया सवयीच्या होऊ द्या. कारण हवेत पेटवायचे म्हणजे पेटवण्याची वीज विमानातच असते, आणि टेबलावर, गाडीत, हातात असतानाही ती तिथेच असते. करायचेच झाले तर इग्नायटरच्या तारेत बाहेरून लावायचा वेगळा प्लग ठेवा. तो विमान उडवण्याच्या जागी, नोझल माणसांपासून दुसरीकडे वळवूनच लागतो आणि उतरल्याबरोबर निघतो. पेटवण्यासाठी एक नव्हे, दोन स्विच एकाच वेळी लागतील अशी मांडणी करा आणि सिग्नल तुटल्यावर तो चॅनेल बंदच राहील हे प्लगच्या जागी छोटा दिवा लावून, ट्रान्समीटर मुद्दाम बंद करून तपासा. दिवा क्षणभर जरी लुकलुकला तरी मोटर जोडायची नाही.

उरलेल्या मोटर

कोरड्या, सावलीच्या, फार न तापणाऱ्या जागी ठेवा. पुन्हा पुन्हा तापून थंड झालेल्या किंवा उंचावरून पडलेल्या ब्लॅक पावडर मोटरमध्ये इंधनाला बारीक तडा जातो, बाहेरून काही दिसत नाही, आणि पेटवल्यावर ती फुटते. बंद गाडीत उन्हात राहिलेली मोटर संशयितच समजा. अशी ब्लॅक पावडरची मोटर वापरू नका: पाण्यात बुडवून ठेवा, पुठ्ठा फुगून सुटला आणि आतले इंधन लगदा झाले की टाकून द्या. कंपोझिट इंधनाची मोटर पाण्याने अशी विरघळत नाही, तिच्यासाठी बनवणाऱ्याच्या सूचना पाळा.